रीसेट केलं की चालतं, काही दिवसांनी पुन्हा गप्प: शिवारातल्या सेन्सर नोडचं दुखणं कुठं शोधायचं

तक्रार बहुतेक वेळा एकाच वळणाची असते. नोड (शेतात उभं राहून ओल किंवा पाऊस मोजणारी आणि रेडिओवरून आकडे पाठवणारी छोटी पेटी) बसवला, काही आठवडे बिनबोभाट चालला, मग एके दिवशी आकडे यायचे बंद झाले. बांधावर जाऊन रीसेटचं बटण दाबलं की लगेच सुरू. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. काही ठिकाणी नोड बंद पडत नाही, पण मधूनच असा आकडा पाठवतो की डोळ्यांवर विश्वास बसत नाही: जमिनीतली ओल ६५,५३५, किंवा रिमझिम चालू असताना पावसाच्या नोंदीत एकदम ५१ मिलिमीटरची उडी.

बेळगाव जिल्ह्यात चिकोडी-निपाणीकडच्या उसात, येळ्ळूरच्या भातात, कडोली भागातल्या बटाट्यात आणि खानापूरच्या पश्चिमेला बसवलेल्या पर्जन्यमापकांवर मला हीच लक्षणं दिसली आहेत. यंत्रं वेगळी, बसवणारे वेगळे, दुखणं तेच. उसातल्या एका नोडपाशी उभं असताना त्या शेताच्या मालकांनी मला विचारलं, "बटण दाबलं की चालू होतंय की. मग बिघडलंय म्हणायचं तरी काय?" प्रश्न नेमका आहे आणि उत्तरही त्यातच आहे. बटण दाबल्यावर सुरळीत होतं, याचा अर्थ सेन्सर, अँटेना, वायरी बहुधा ठीक आहेत. रीसेटनं बदलतं ते रॅममधलं, म्हणजे चिपच्या तात्पुरत्या स्मृतीतलं, चित्र. ते पुसलं जाऊन प्रोग्राम नव्यानं सुरू होतो. म्हणजे चालता चालता रॅममध्ये काहीतरी बिघडत जातं. ते काय, हे शोधायचं आणि पुन्हा घडणार नाही अशी सोय करायची. ती सोय शेवटी प्रोग्रामच्या भाषेपाशी येऊन पोचते, असं माझं ठाम मत आहे. पण तिथं जाण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या.

आधी वीज

आपल्याकडे शेतात थ्री फेज लाईट ठरावीक तासच असते. ती आली की आसपासच्या मोटारी एकदमच सुरू होतात. नोडचा पुरवठा मोटारीच्या पेटीतूनच घेतला असेल तर त्या क्षणी व्होल्टेज खाली बसतं आणि नोड अर्धवट अवस्थेत अडकतो. बंद पडण्याची वेळ आणि लाईट येण्याची वेळ जुळत असेल तर पुढचं वाचण्याआधी पुरवठा वेगळा करा. सौर पॅनेलवरच्या नोडबाबत एक गोष्ट हमखास विसरली जाते: फेब्रुवारीत पॅनेल बसवताना लख्ख ऊन असतं, ऑगस्टमध्ये ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो आणि पॅनेल दिवसभर सावलीत.

एटीमेगा ३२८पी (आर्डुइनो या लोकप्रिय बोर्डावरची छोटी चिप) वापरणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. १६ मेगाहर्ट्झवर चालणारा बोर्ड ३.३ व्होल्टवर चालवला तर तो चालतो, पण चिपच्या माहितीपत्रकातल्या मर्यादेबाहेर चालतो. २.७ व्होल्टला १० मेगाहर्ट्झ, ४.५ व्होल्टला २० मेगाहर्ट्झ आणि मधल्या व्होल्टेजला त्या प्रमाणात, असा तो हिशेब आहे. ३.३ व्होल्टसाठी ८ मेगाहर्ट्झचा बोर्ड घ्या. इथं कुठलीही भाषा मदतीला येणार नाही.

मग रीसेटचं कारण नोडलाच विचारा

बहुतेक चिप्स मागचा रीसेट कशामुळे झाला हे लिहून ठेवतात. एटीमेगामध्ये त्यासाठी एक रजिस्टर (चिपमधली छोटी नोंदीची जागा) आहे: वीज नव्यानं आली, बाहेरून बटण दाबलं, व्होल्टेज पडलं की वॉचडॉगनं (प्रोग्राम अडकला की चिप आपोआप रीसेट करणाऱ्या घड्याळानं) रीसेट केलं, यांना प्रत्येकी एक बिट. मात्र आर्डुइनोचा नेहमीचा बूटलोडर (तुमच्या प्रोग्रामआधी चालणारा, तो चढवून देणारा छोटा प्रोग्राम) हे रजिस्टर आधीच पुसतो. त्यामुळे तुमच्या प्रोग्रामला ते कोरं दिसतं आणि सगळं ठीक आहे असा समज होतो. बूटलोडरशिवाय प्रोग्राम चढवा किंवा बूटलोडर ती किंमत पुढं देतो का ते बघा. ईएसपी३२ या मोठ्या चिपवर हे सोपं आहे, एका फंक्शनमध्ये कारण कळतं. ते कारण आणि नोड किती वेळ चालू होता तो आकडा, दोन्ही प्रत्येक रीसेटनंतरच्या पहिल्या पॅकेटमध्ये (नोड एका वेळी पाठवतो त्या संदेशात) पाठवा. निव्वळ एवढ्या बदलानं निम्मा तपास घरबसल्या होतो.

वॉचडॉग बंद असेल तर चालू करा. एटीमेगावर तो जास्तीत जास्त सुमारे ८ सेकंदांचा लावता येतो. फक्त त्याला टायमरच्या इंटरप्टमधून (मुख्य काम मध्येच थांबवून चालणाऱ्या छोट्या तुकड्यातून) चारू नका. मुख्य प्रोग्राम अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो, वॉचडॉगला सगळं आलबेल वाटतं आणि नोड तसाच मुका राहतो. मुख्य फेरी पूर्ण झाली, सेन्सर वाचला गेला, पॅकेट गेलं, हे झाल्यावरच वॉचडॉगची वेळ वाढवा.

वॉचडॉग लावला की शेतकऱ्यांचे फोन यायचे थांबतात आणि बऱ्याच जणांचं काम तिथंच संपतं. मला हे पटत नाही. वॉचडॉग जागा होण्याआधी बिघडलेल्या रॅममधून कितीतरी चुकीचे आकडे निघून गेलेले असतात. त्या आकड्यावर ठिबकचा व्हॉल्व्ह उघडत असेल, तर रात्रभर पाणी वाहिल्यावर सकाळी कळतं. जे चूक आहे ते चालू राहण्यापेक्षा बंद पडलेलं बरं, आणि बंद पडताना कुठं पडलं हे सांगून पडलेलं त्याहून बरं.

दोष दडलेला असतो तो इथं

एटीमेगा ३२८पी मध्ये रॅम २ केबी आहे. २,०४८ बाइट, संपलं. त्यातच चल (आकडे ठेवायच्या जागा), त्यातच स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा), त्यातच हीप (चालता चालता मागून घ्यायची जागा). आर्डुइनोच्या उदाहरणांतून शिकलेला प्रोग्राम पॅकेट तयार करताना स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) जोडत जातो: नोडचा क्रमांक, स्वल्पविराम, ओल, स्वल्पविराम, तापमान, बॅटरी. प्रत्येक जोडणीला हीपमधून नवी जागा मागितली जाते, जुनी सोडली जाते. वाटण्या होत होत शेताचे तुकडे पडावेत आणि एकूण एकर तेवढेच असूनही गोठा बांधण्याइतकी सलग जागा कुठंच उरू नये, तसं हीपचं होतं. एके दिवशी ४० बाइटची सलग जागा मिळत नाही. तेव्हा स्ट्रिंगची जोडणी अयशस्वी होते, पण ओरडत नाही. ती जुनी स्ट्रिंग तशीच ठेवते. म्हणून पॅकेटचा शेवटचा भाग गायब झालेला दिसतो: ओल येते, तापमान येते, बॅटरीचा आकडा येत नाही. हे लक्षण दिसलं तर दुसरीकडे शोधू नका. खालून हीप आणि वरून स्टॅक एकमेकांत घुसले तर मग काय बिघडेल याला धरबंध नाही. त्याची खूण पटवायची असेल तर प्रोग्राम सुरू होताना रिकाम्या रॅममध्ये एकच ठरलेला बाइट भरून ठेवा आणि रोज एकदा किती बाइट अजून तसेच आहेत ते मोजून पॅकेटमध्ये पाठवा. तो आकडा हळूहळू शून्याकडे सरकताना दिसला की चोर सापडला.

दुसरी जागा रेडिओची. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो आणि लोराचे (लांब पल्ल्याच्या, कमी विजेवर चालणाऱ्या रेडिओचे) बहुतेक नोड तिथंच बोलतात. तुम्ही स्वतःचं पॅकेट २४ बाइटचं ठरवलं, बफर (आलेलं पॅकेट ठेवायची जागा) ३२ बाइटचा ठेवला, टेबलावर सगळं उत्तम चाललं. शिवारात मात्र पलीकडच्या कोणीतरी तसाच नोड लावला आणि त्याचं पॅकेट ५१ बाइटचं आहे. रेडिओ चिप २५५ बाइटपर्यंतचं पॅकेट घेते, लांबीचा आकडा सांगते, आणि तुमचा प्रोग्राम त्या आकड्यावर भरवसा ठेवून तेवढे बाइट उतरवून घेतो. वरचे १९ बाइट बफरच्या शेजारच्या चलांवर जाऊन बसतात. शेजारी ओल मोजण्याचं प्रमाण ठेवलेलं असेल तर आकडे चुकतात. पॉइंटर (स्मृतीतल्या दुसऱ्या जागेचा पत्ता) असेल तर नोड अडकतो. दोष घडतो तेव्हा काहीच दिसत नाही, परिणाम दिसतो तो दोन तासांनी आणि भलत्याच ठिकाणी. हे प्रोग्राम बहुधा ज्या भाषेत लिहिलेले असतात त्या सी मधल्या या आजाराचा खरा त्रास हाच.

रिकाम्या, म्हणजे शून्य पत्ता असलेल्या, पॉइंटरचं तर एटीमेगावर फार वाईट आहे. मोठ्या संगणकावर शून्य पत्त्यावर लिहायला गेलात की ऑपरेटिंग सिस्टिम प्रोग्राम तिथंच थांबवते. एटीमेगावर पत्ता शून्य ही चिपची स्वतःची रजिस्टर आहेत: शून्यावर आर०, एकवर आर१. सी चा कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारं साधन) आर१ मध्ये कायम शून्य आहे असं धरून चालतो. तुम्ही रिकाम्या पॉइंटरवर ३०० हा १६ बिटी आकडा लिहिलात की आर१ मध्ये १ जातो. त्यानंतर जिथं जिथं कंपायलरला शून्य हवं होतं तिथं एक मिळतो. प्रोग्राम चालतच राहतो, फक्त गणित चुकीचं. अशा नोडसमोर बसून तासन्‌तास सेन्सर बदलत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता त्या ५१ मिलिमीटरबद्दल. पर्जन्यमापकातलं छोटं पात्र भरलं की कलंडतं, चुंबकाचा स्विच जोडला जातो, इंटरप्ट येतो आणि मोजणी एकनं वाढते. मोजणी १६ बिटांची, चिप ८ बिटांची. म्हणजे मुख्य प्रोग्राम हा आकडा दोन तुकड्यांत वाचतो. समजा मोजणी २५५ आहे. प्रोग्रामनं खालचा बाइट वाचला: २५५. नेमकं तेव्हाच पात्र कलंडलं. इंटरप्टनं मोजणी २५६ केली, म्हणजे खालचा बाइट ० आणि वरचा १. आता प्रोग्राम वरचा बाइट वाचतो: १. दोन्ही जोडले की होतात ५११. खरा आकडा २५६. एका कलंडण्याला ०.२ मिलिमीटर धरलं तर फरक २५५ गुणिले ०.२, म्हणजे बरोबर ५१ मिलिमीटर. कणकुंबी-जांबोटी भागात पावसाळ्यात ५१ मिलिमीटर म्हणजे काही विशेष नाही. म्हणूनच हा आकडा कोणाला खटकत नाही आणि थेट नोंदीत जातो. मलप्रभा जिथं उगम पावते त्या भागाच्या पावसाच्या नोंदीवर खाली कितीतरी जणांचं गणित अवलंबून असतं, म्हणून मला ही चूक सगळ्यांत जास्त खुपते. ती क्वचित घडते, टेबलावर जवळजवळ घडतच नाही, आणि मुसळधार पावसात घडण्याची शक्यता सर्वांत जास्त.

शेवटची जागा वेळेची. एटीमेगावर साधा पूर्णांक १६ बिटांचा असतो. एक मिनिट थांब म्हणून साठ गुणिले हजार लिहिलं तर उत्तर ६०,००० त्यात मावत नाही, ते उणे ५,५३६ होऊन बसतं. थांबण्याच्या फंक्शनला ३२ बिटी बिनचिन्हाचा आकडा हवा असतो, त्यात ते ४,२९,४९,६१,७६० होतं. मिलिसेकंदांत हे जवळपास ४९.७ दिवस! नोड मेलेला नाही, तो थांबलेला आहे. हाच प्रोग्राम ईएसपी३२ वर चालवला तर पूर्णांक ३२ बिटांचा असल्यानं काही होत नाही, आणि "माझ्याकडे चालतंय की" असं उत्तर येतं. आणि ४९.७ दिवसांनी मिलिसेकंदांचा काटा स्वतःच शून्यावर येतो, तेही लक्षात असू द्या. पुढची वेळ आधीच बेरजेनं काढून तिच्याशी तुलना करू नका. आताच्या वेळेतून मागची वजा करून किती गेली ते पाहा. बिनचिन्हाच्या वजाबाकीत काटा फिरला तरी उत्तर बरोबर येतं.

भाषा बदलून काय मिळतं

वरच्या प्रत्येक दोषाला सी मध्ये उपाय आहे. लांबी तपासा, इंटरप्ट थांबवून आकडा वाचा, स्ट्रिंग टाळा, गुणाकारात मोठा प्रकार वापरा. पण हे सगळं माणसानं, दर वेळी, न विसरता करायचं. सी हे तपासत नाही. १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये ती घडली तेव्हा काम वेगळं होतं. कोणी न बघता वर्षभर चिखलात उभ्या राहणाऱ्या नोडला अशी भाषा हवी, जी या चुका प्रोग्राम चढवण्याआधीच अडवते.

सेन्सर नेटवर्कच्या क्षेत्रात हा विचार जुना आहे. २००३ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी टायनीओएस या छोट्या नोडांच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी नेससी ही भाषा मांडली. त्या काळातल्या टेलॉसबी नोडमध्ये रॅम १० केबी होती. नेससीनं चालता चालता जागा मागणंच बंद केलं, आणि इंटरप्टमधून व मुख्य कामातून एकाच चलाला असुरक्षितपणे हात लागत असेल तर कंपायलर तसं सांगू लागला. म्हणजे आपला पावसाचा आकडा तिथं कंपाइल करतानाच पकडला गेला असता. २००७ मध्ये युटा विद्यापीठाच्या मंडळींनी त्याच टायनीओएसला स्मृतीची सुरक्षा जोडली. हद्दीबाहेरचा हात पकडला की नोड एक छोटा क्रमांक देतो, आणि तो क्रमांक संगणकावर उलगडला की चूक कोणत्या ओळीवर आहे ते कळतं. ही कल्पना मला अतिशय मोलाची वाटते आणि पुढं तीच वापरायला सांगणार आहे. रिओ द जनेरोमध्ये सेऊ नावाची भाषा तयार झाली, तीही अशाच छोट्या नोडसाठी, आणि एकाच वेळी चालणाऱ्या कामांतले संघर्ष ती कंपाइल करतानाच शोधते.

नेदरलँड्समध्ये २००५ मध्ये बटाट्याच्या शेतात करप्यासारख्या रोगाचा अंदाज यावा म्हणून सुमारे शंभर नोड लावले होते. ठरवलं होतं त्याच्या अगदी थोडाच डेटा हाती लागला, आणि त्यात सॉफ्टवेअरमधल्या दोषांचा मोठा वाटा होता. डेल्फ्टसारख्या विद्यापीठाच्या मंडळींची ही गत असेल, तर आपल्या कडोलीच्या बटाट्यात असंच घडलं म्हणून कोणी स्वतःला कमी लेखायचं कारण नाही.

आज नवा नोड करणार असाल तर माझी शिफारस रस्ट या भाषेची आहे. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि सूक्ष्म नियंत्रकांवर, म्हणजे अशा छोट्या चिप्सवर, ती आता नीट रुळली आहे. वरच्या दोषांपाशी ती काय करते ते सांगतो. बफरबाहेर लिहायला गेलात तर शेजारच्या चलाला धक्का लागत नाही, प्रोग्राम त्या ओळीवर थांबतो. त्याहून चांगलं म्हणजे तुकडा मागताना "असेल तर दे" अशा पद्धतीनं मागता येतो, आणि नसण्याची वाट लिहिल्याशिवाय कंपायलर पुढं जाऊ देत नाही. रिकामा पॉइंटर नेहमीच्या कामात येतच नाही. ठरावीक क्षमतेच्या याद्या आणि स्ट्रिंग वापरल्या की हीप लागतच नाही. यादी भरली तर तसं उत्तर मिळतं आणि ते दुर्लक्षून पुढं जाणं कठीण होतं. इंटरप्ट आणि मुख्य प्रोग्राम यांनी एकच चल मोकळेपणानं वापरायचा म्हटलं तर कंपायलर नकार देतो. एकतर कुलूपबंद तुकड्यात वाचा, किंवा "असुरक्षित" असा शब्द स्वतःच्या हातानं लिहा, जो पुढच्या वाचणाऱ्याला लगेच दिसतो. साठ गुणिले हजार मावत नसेल तर तेही कंपाइल करतानाच कळतं.

एक सेटिंग मात्र विसरू नका. चालताना आकडा ओसंडला तर तपासणीच्या आवृत्तीत रस्ट थांबते, पण शेवटच्या, वेगवान आवृत्तीत ती गपचूप फिरून पुढं जाते. प्रकल्पाच्या फाइलमध्ये ओसंडण्याची तपासणी त्या आवृत्तीसाठीही चालू करा. नोडवर वेगाची एवढी घाई नसते.

चिप निवडताना ईएसपी३२-सी३ घ्या असं मी सांगेन. ती रिस्क-फाइव्ह (RISC-V) जातीची आहे, त्यामुळे रस्टची नेहमीची साधनं तिच्यावर सरळ चालतात, आणि ४०० केबी रॅम आहे. मूळच्या ईएसपी३२ ला वेगळा कंपायलर बसवावा लागतो, जमतं, पण नवशिक्याचा एक दिवस त्यातच जातो. एटीमेगा ३२८पी वर रस्ट चालते, मात्र प्रयोगाची आवृत्ती लागते आणि ती बदलत राहते. शेतात आधीच लागलेल्या शंभर नोडांसाठी मी तो मार्ग धरणार नाही. तिथं सी च ठेवा, कंपायलरच्या सगळ्या सूचना चालू करा, एकही सूचना शिल्लक ठेवू नका आणि वरचे चार उपाय हातानं करा.

एडा या भाषेचं नाव आपल्याकडे फार कमी ऐकू येतं, ते ऐकू यायला हवं. १९८३ मध्ये प्रमाणित झालेल्या या भाषेत आकड्याचा प्रकारच हद्दीसह सांगता येतो: ओल म्हणजे ० ते १००. ६५,५३५ तिथं बसूच शकत नाही. तिच्या स्पार्क या उपभाषेत तर चालताना अशी चूक होणारच नाही हे गणितानं सिद्ध करता येतं. बेळगावातच विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचं मुख्यालय आहे, अभियांत्रिकीची मुलं दरवर्षी ओल मोजण्याचे प्रकल्प करतात. त्यातल्या एखाद्या गटानं पर्जन्यमापक स्पार्कमध्ये केला तर मला मनापासून आनंद होईल.

मायक्रोपायथन (छोट्या चिप्ससाठीची पायथन भाषा) गेटवेवर, म्हणजे नोडांचे आकडे गोळा करून पुढं पाठवणाऱ्या यंत्रावर, खुशाल वापरा. तिथं वीज आहे, रॅम आहे, दुरुस्ती सोपी आहे. ती स्मृतीची सुरक्षा देते, पण जागा चालता चालता मागते, त्यामुळे तुकडे पडण्याचा त्रास तिथंही होऊ शकतो. फक्त तिथं तो चूक म्हणून समोर येतो, चुकीचा आकडा म्हणून नाही.

भाषा थांबवते, पुढचं तुम्ही ठरवायचं

४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झालं. त्याच्या दिशादर्शक संगणकाचा प्रोग्राम एडातच होता. मोठा आकडा १६ बिटांत मावला नाही, भाषेनं ते ओळखलं, पण ओळखल्यावर काय करायचं याची वाट त्या ठिकाणी लिहिलेली नव्हती. संगणक बंद पडला, जोडीचा पर्यायी संगणकही त्याच कारणानं. म्हणून रस्ट घेतली तरी प्रोग्राम थांबल्यावर जे फंक्शन चालतं ते काळजीनं लिहा. माझी पद्धत अशी: आधी व्हॉल्व्ह बंद. मग फाइलचा क्रमांक आणि ओळ हे रीसेटनंतरही टिकणाऱ्या स्मृतीत लिहायचं, ईएसपी३२ च्या आरटीसी स्मृतीत ते सहज बसतं. मग रीसेट. उठल्यावर पहिल्या पॅकेटमध्ये तो क्रमांक आणि ओळ. युटाच्या मंडळींची कल्पना ती हीच. मी घरी बसून "१४२ वी ओळ" वाचतो आणि पावसात खानापूरला जाण्याची गरज राहत नाही.

स्टॅक फार वाढला तर रस्टसुद्धा उघड्या चिपवर आपोआप वाचवत नाही. आर्म कॉर्टेक्स-एम चिपसाठी फ्लिप-लिंक नावाचं साधन आहे, ते स्टॅक रॅमच्या तळाशी ठेवतं, म्हणजे तो ओसंडला की दुसऱ्यावर न चढता सरळ दोष दाखवतो. दोन कामं एकमेकांची वाट बघत अडकली तर तेही भाषा सोडवत नाही, तिथं वॉचडॉगच हवा. ओला झालेला कनेक्टर, उसाच्या पानांतून क्षीण होणारा सिग्नल, जमिनीपासून सुटलेला ओलीचा सेन्सर, यांना भाषा काय करणार?

बदल कधी आणि कसा

एका झटक्यात सगळे नोड बदलू नका, आणि पाऊस तोंडावर असताना तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये एक शेत निवडा. जुन्या सी च्या नोडशेजारी, त्याच सरीत, त्याच खोलीवर नवा नोड लावा. आधी फक्त पॅकेट वाचण्याचा आणि इंटरप्टचा भाग रस्टमध्ये घ्या. बहुतेक दोष तिथंच असतात, आणि जुनं सी चं सेन्सर वाचण्याचं फंक्शन रस्टमधून बोलावता येतं. ते बोलावण्याची जागा "असुरक्षित" म्हणून खुणावलेली राहील. ती एकाच फाइलमध्ये कोंडून ठेवा.

शेतात लावण्याआधी टेबलावर तीन चाचण्या कराच. दुसऱ्या नोडवरून मुद्दाम १ ते २५५ बाइटच्या सगळ्या लांबीची पॅकेटं पाठवा, लांबीच्या बाइटमध्ये खोटे आकडेही घाला. पर्जन्यमापकाच्या पिनवर सिग्नल जनरेटर लावून सेकंदाला शंभर ठोके द्या आणि मुख्य प्रोग्रामला सतत आकडा वाचायला लावा. पाठवलेले ठोके आणि मोजलेले ठोके जुळले पाहिजेत. मिलिसेकंदांचा काटा ४९.७ व्या दिवसाच्या एक मिनिट आधीपासून सुरू करून पाहा, म्हणजे दीड महिन्याहून जास्त वाट बघावी लागत नाही.

जोडीनं लावलेल्या दोन नोडांचे आकडे एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी ठेवा: ओल, पाऊस, रीसेटचं कारण, चालू राहिल्याचा वेळ, न वापरलेली रॅम. जुलैचा जोराचा पाऊस होऊन जाईपर्यंत दोन्ही तसेच राहू द्या, कारण इंटरप्टचे आणि ओल्या कनेक्टरचे दोष तेव्हाच वर येतात. दोन नोडांच्या पावसात ५१ च्या आसपासचा फरक दिसला की त्या मिनिटाची कच्ची मोजणी काढून २५५ आणि ५११ हे आकडे शोधा.